काळ्या खडकातलं ‘बहुतेक’

वर्ध्याला मी भूगर्भ खात्याचा माणूस म्हणून राहिलो, त्या काळात माझ्या दारात जो येई त्याच्या हातात काळा दगड असे. आणि तो कोळसाच निघावा, अशी त्याची इच्छा असे. कोळसा नसेल तर लोखंड. तेही नसेल तर निदान आकाशातून पडलेला तरी असावा. मी म्हणायचो, “हा बेसॉल्ट आहे. तुमच्या घराच्या पायात हाच आहे, तुम्ही आलात त्या रस्त्यावर हाच आहे, आत्ता ज्या पायरीवर उभे आहात तीसुद्धा याचीच आहे.” मग तो माणूस दगड पुन्हा धोतराच्या सोग्यात बांधायचा आणि जणू मीच त्याच्या वावरातला कोळसा पळवला, अशा नजरेने पाहत निघून जायचा.

पिपरीचे एक गृहस्थ तर हिरा घेऊन आले. मऊ फडक्यात गुंडाळलेला, आत चकचकीत स्फटिक. मी सांगितलं की ही गारगोटी. आपल्या खडकात पोकळी राहिली की तीत असे स्फटिक वाढतात. त्यांचा विश्वास बसला नाही. ते नागपूरच्या सराफाकडे गेले आणि आठवड्याने परत येऊन म्हणाले, “तो पण तुमच्यासारखंच बोलला. तुमी दोघं मिळून हायात.” हायस्कुलाचे एक हेडमास्तर होते, त्यांना मुलांना ज्वालामुखी दाखवायचा होता. बैलगाड्या भरून पोरं आली. मी म्हटलं, “तुम्ही उभे आहात तोच. डोंगर नव्हता, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहत गेला, तो इथवर.” पोरांनी पायाखाली पाहिलं. एकाने टाच आपटून पाहिली. हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “थोडं उंच काही दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.”

लोक मला गोटेसायेब म्हणत. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात, म्हणून. माझं आडनाव वेगळं आहे, पण खात्याच्या टपालावरसुद्धा ‘श्री. गोटे’ यायला लागलं, तेव्हा मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

या धंद्यात सांगण्यासारखं फार नाही आणि जे आहे ते कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. पृथ्वीच्या पोटात वितळलेला दगड असतो. तो निवून जो खडक होतो तो अग्निजन्य. पुस्तकात त्यांची नावं ढीगभर आहेत, पण नाव ठरवायला प्रश्न दोनच. कुठे निवाला? आणि कशाचा बनला? खोल पोटात, पांघरुणाखाली, हळूहळू निवाला तर कणांना वाढायला वेळ मिळतो. ते डोळ्यांना दिसण्याइतके मोठे होतात. तो ग्रॅनाइट. वर उघड्यावर येऊन झटपट निवाला तर कण इतके बारीक राहतात की दगड नुसता काळा गोळा वाटतो. तो आपला बेसॉल्ट. दुसरा प्रश्न सिलिकेचा, म्हणजे गारगोटीच्या अंशाचा. तो जास्त असला की खडक फिकट, कमी असला की काळा आणि जड. घरात बघायचं असेल तर साखरेचा पाक बघा. सावकाश ठेवला तर खडीसाखर, ताटात ओतला तर वडी, आणि फेस येत असताना थेंब टाकले तर बत्तासा. वस्तू एक, निवण्याची तऱ्हा वेगळी.

हा बत्तासा महत्त्वाचा आहे. लाव्हाचा लोंढा निवतो तेव्हा त्यातली वाफ वर येते आणि वरच्या भागात बुडबुडे अडकून राहतात. म्हणून प्रत्येक लोंढ्याचं पोट घट्ट असतं आणि माथा भोकाभोकांचा. मग हजारो वर्षं काही होत नाही. माथ्यावर माती धरते. त्यावर नवा लोंढा येतो आणि ती माती विटेसारखी लाल भाजून काढतो. अशा थरांवर थर, टोपलीत भाकरी रचाव्यात तसे. आपला जिल्हा म्हणजे जवळजवळ सगळी ही टोपली. पाणी घट्ट पोटात नसतं, ते बत्ताशात असतं. पण त्यातही भोकं एकमेकांना जोडलेली हवीत, आणि ती पांढऱ्या खनिजांनी बुजलेली नकोत. म्हणून इथे विहिरीची जागा सांगणारा प्रामाणिक माणूस एकच शब्द बोलू शकतो: बहुतेक. या एका शब्दापायी मी जितका वैतागलो तितका उन्हानेसुद्धा नाही.

आदल्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली होती. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस एक दिवस रोहण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून दोन माणसं माझ्या खोलीत आली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माणसं नांदताहेत. पुढे तुळशीराम होता, पुलगावच्या गिरणीत काही वर्षं काम करून परतलेला, अंगात इस्त्रीचा सदरा. मागे सगुणाबाई, त्याची चुलती, पन्नाशीची, उभट चेहऱ्याची.

“आमी दगड नाई आनला जी,” तुळशीराम आधीच म्हणाला. माझी कीर्ती तिथवर पोचली होती. “आमाले इहीर खंदाची हाय. जागा दावून द्या.”

हकिगत अशी. दीक्षा घेतल्यावर यांच्या वस्तीने गावाची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावाने विहिरीवरून यांच्या घागरीत वरून पाणी ओतणं बंद केलं. आता बाया नाल्याच्या रेतीत झिरा उकरून पाणी भरत होत्या, आणि उन्हाळा अजून यायचा होता.

“गावात पाणाड्या येतो ना?” मी विचारलं. आमच्या भागात तळहातावर नारळ आडवा ठेवून माळावर फिरणारे पाणाडे पुष्कळ. नारळ उभा राहिला की तिथे पाणी.

“येते ना. पाटलाच्या नव्या इहिरीसाठी आलाच हाय,” तुळशीराम म्हणाला. “पन आमी नारळ सोडला. आता आमी शास्त्रानंच जाऊ. म्हनून तुमच्याकडं आलो.”

मला भरून यायला हवं होतं. प्रत्यक्षात मी धास्तावलो. दगड घेऊन येणाऱ्याची निराशा मी रोज करत होतो, त्याचं काही वाटत नव्हतं. ही माणसं शास्त्राच्या भरवशावर सगळ्या गावाकडे पाठ फिरवून आली होती.

मी गेलो. जागा पाहून डोक्यात तिडीक गेली. नाल्याच्या काठाला चांगली जमीन होती. तिथे कुणीही, कशानेही, भोपळा फिरवूनसुद्धा विहीर काढू शकला असता. पण ते वावर पाटलाचं, आणि तो देणार नव्हता. वस्ती होती वरच्या माळावर, गुरंसुद्धा चरत नाहीत अशा उघड्या खडकावर. पिढ्यान्पिढ्या त्यांना तिथेच बसवलेलं. विहीर खणायची तर त्याच माळावर.

दोन दिवस मी नाल्याच्या कडेने खालीवर फिरलो. एका कड्यात हाताएवढा रुंद लाल पट्टा दिसला. त्याच्या वर घट्ट काळा खडक, खाली भोकांचा. आणि त्या भोकांच्या खडकावर फेब्रुवारीतही हिरवं शेवाळ ओलं. आपले थर जवळजवळ सपाट असतात. हा पट्टा माळाच्या पोटातून जात असणार, आणि माळ किती उंच आहे ते मोजलं म्हणजे किती खोल जावं लागेल त्याचा अंदाज येतो. मी मोजलं. चाळीसेक फूट घट्ट खडक, मग लाल माती, मग तिच्याखाली पाणी.

“बहुतेक,” मी म्हणालो.

वस्तीतली माणसं गोल करून उभी होती. सगुणाबाईने मान तिरपी केली. “शास्त्र ‘बहुतेक’ म्हन्ते काय जी?”

“शास्त्रच म्हणतं. नारळ ‘नक्की’ म्हणतो.”

“मंग आमी त्या पाटलाले काय सांगावं? का आमचं शास्त्र बहुतेक हाय म्हनून?”

तुळशीराम चिडला होता. माझ्यावर, पण बोलला चुलतीला. “काकी, सायेब रीतीपरमान बोलून राह्यले. आतून त्याइले ठाव हाय.”

“नाही,” मी म्हणालो, “आतूनसुद्धा ठाऊक नाही.”

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी खणायला सुरुवात केली.

आता ओव्हरसियर. विहिरीला सुरुंगाची दारू विकास गटाकडून मिळायची, पण फक्त ‘कठीण खडक’ असेल तर. माझा रिपोर्ट इंग्रजीत होता. त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. खडक जागचा हलला नव्हता, पण कागद सगळे हलले होते. कुठल्याशा टेबलावर माझ्या रिपोर्टाचं मराठी झालं, आणि खालच्या थराबद्दल लिहिलेला ‘सच्छिद्र’ हा शब्द तेवढा वरच्या थराला जाऊन चिकटला. गटाच्या ओव्हरसियरने अर्ज परत पाठवला: खडक सच्छिद्र असल्याने सुरुंगाची आवश्यकता नाही.

वरचा हातभर मुरूम संपून माणसं तोवर घट्ट काळ्या खडकावर पोचली होती. टिकास मारलं की ठिणगी उडायची आणि पातं मुडपायचं.

मी आर्वीला ओव्हरसियरकडे गेलो. गोल चेहऱ्याचा, हसरा, नागपूरकडचा गृहस्थ. “पोला दगड हाये ना साहेब तुमचा?” तो म्हणाला. “मंग सब्बल मारा ना. बारूद काहेले पाह्यजे?”

वरचा खडक सब्बलीला, म्हणजे पहारीला, दाद देणार नाही म्हणून मी त्याला लोंढ्याचं पोट आणि लोंढ्याचा माथा समजावला. त्याला समजेना. शेवटी समोरच्या दुकानातून खडीसाखर, गुळाचा खडा आणि बत्तासे आणवले, टेबलावर मांडले. “हा बत्तासा खाली आहे. हा गूळ वर आहे. आधी गूळ फोडायचाय.”

“अच्छा!” ओव्हरसियर म्हणाला आणि बत्तासा तोंडात टाकला. मग दुसरा. तिसरा खाताना त्याने खरी अडचण सांगितली. “पन साहेब, आमच्या तक्त्यात चारच जाती. नरम मुरूम, कडक मुरूम, नरम खडक, कडक खडक. तुमचं हे लोंढागिंढा कुठी बसवू?”

मी त्याच्या टेबलावरच नवा रिपोर्ट लिहिला. ‘कठीण काळा खडक.’ तीन शब्द. विद्यापीठात मी अग्निजन्य खडकांच्या वर्गीकरणावर अख्खं वर्ष घालवलं होतं. दारू मिळाली.

मार्चच्या अखेरीस पाटलाच्या विहिरीला पाणी लागलं. नारळाच्या विहिरीला. नाल्याच्या काठी, मुरमातच, ढोपरभर. त्या दिवशी मी माळावर होतो. खालून ढोल ऐकू आले. पाणाड्या स्वतः वर आला. पांढरी टोपी, कपाळाला गंध, सभ्य माणूस. माझ्याशी नमस्कार करून खाली डोकावला आणि कळवळून म्हणाला, “इथं नाई लागाचं जी. नारळ हललाच नसता इथं.”

“इथे मीही खणलं नसतं,” मी म्हणालो. “पण खालची जागा यांना कुणी दिली नाही.”

“ते तं हायच,” तो म्हणाला आणि उतरून गेला. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्याच्या पाण्याचा. वस्तीतली दोन घरं त्याच आठवड्यात कामावर यायची थांबली. गावात विचारणा सुरू झाली: काऊन रे, तुमचं शास्त्र कुठवर पोचलं?

एप्रिलमध्ये लाल माती लागली. बरोबर तिथे, जिथे मी म्हणालो होतो. फुटाचासुद्धा फार फरक नव्हता. मी इतका खूश झालो की विहिरीच्या काठावर चक्क हसलो. बाकी कुणी हसलं नाही. माती कोरडी होती. मुठीत दाबली तर भुगा व्हायची. चाळीस फूट काळा खडक फोडून खाली निघाली ती चुलीतल्यासारखी माती.

आणि ओव्हरसियर पाहणीला आला. “खडक संपला,” तो म्हणाला. “आता माती हाये. बारूद बंद.”

“तिच्याखाली पुन्हा खडक आहे.”

“तो तं देल्ला ना एकदा तुमाले. एका विहिरीत कडक खडक दोन बार कसा येईन साहेब?”

मी त्याला काय सांगणार? टोपलीतल्या भाकऱ्यांचं पुन्हा सुरू केलं, तर तो “हो हो” म्हणत जीपकडे चालायला लागला. मी त्याच्यामागे भर उन्हात, टोपी हातात, ओरडत गेलो. काय ओरडलो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. जीप गेली.

मागे वळलो तर वस्ती माझ्याकडे पाहत होती. तुळशीराम खाली उतरला नव्हता, काठावरच बसला होता. त्याचा सदरा आता कुणी ओळखला नसता.

“सायेब,” तो म्हणाला, “आता तरी नक्की सांगा. पुढं खंदायचं का नाई?”

मला खोटं बोलता आलं असतं. तो जवळजवळ तेच मागत होता. ‘नक्की’ म्हटलं असतं तर सगळे उड्या मारून खाली उतरले असते. पण पाणी नसतं लागलं, तर ते पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार होते? मी म्हणालो, “मातीखाली भोकांचा खडक आहे, एवढं मी पैजेवर सांगतो. तो सुरुंगाशिवायही फुटेल, सब्बल आणि घणाने, वेळ लागेल एवढंच. त्यात पाणी आहे का, तर… बहुतेक.”

तुळशीरामने हातातला मातीचा भुगा फेकून दिला. “बहुतेक, बहुतेक! गाव थुंकून राह्यलं आमच्यावर, अन् तुमी एक शबुद बदलत नाई!”

“लाल माती लागेल म्हणालो होतो, तेव्हाही बहुतेकच म्हणालो होतो,” मीही आवाज चढवला. “लागली ना? मग? माझा बहुतेक तुमच्या पाटलाच्या नक्कीपेक्षा स्वस्त आहे का?”

आम्ही दोघे एकमेकांवर ओरडत राहिलो. सगुणाबाई मध्येच उठली, पदर खोचला, आणि दोरावरून खाली उतरायला लागली. या वयाची बाई चाळीस फूट उतरतेय हे पाहून तिचा मुलगा धावला, तुळशीराम धावला. “काकी, काऊन उतरून राह्यली?”

खालून तिचा आवाज आला. “तुमचं भांडन होईस्तोर माती तं काढते!”

माती त्याच दिवशी निघाली. खाली खरोखरच भोकांचा खडक होता. राखाडी, जांभळट, बत्ताशासारखा, आणि माझ्या दुर्दैवाने पुष्कळ भोकं पांढऱ्या खनिजाने भरलेली. मी खाली उतरून हातोडीने तुकडा काढला, भिंगाखाली धरला आणि खिशात टाकून वर आलो. सब्बल चालत होती. दिवसाला वीतभर. थांबलेली दोन घरंही परत आली.

पाणी लागलं तेव्हा सकाळ होती. मी काठावर होतो. खाली चार जण होते, तुळशीराम त्यांत. सब्बल एका कपारीत घुसली आणि परत येईना. दोघांनी मिळून ओढली, आणि तिच्यामागून पाणी आलं. मोठं कारंजं वगैरे नाही. बारीक, सतत, जाडसर धार. थोड्या वेळात तळाला खळगा भरला. पाणी लालभडक, वरून गळलेल्या मातीने रंगलेलं.

काठावर हा आरडाओरडा! कुणी टिनाचा डबा बडवायला लागलं. मी खाली वाकून ओरडलो, “अरे वर या! पाणी गढूळ आहे, वाढेल आता. निवळू द्या, उद्या उपसू, मग—”

सगुणाबाईने मला दंड धरून मागे ओढलं. तिथे सरकारी माणसाला कुणी असा हात लावत नसे. मग ती काठावर ओणवी झाली आणि खाली ओरडली:

“वर येऊ नका रे! पयले प्या!”

“अहो बाई, माती आहे त्यात!” मी म्हणालो. “आजारी पडतील. एक दिवस थांबायला काय हरकत आहे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, मला वाटतं, मी विचारलं म्हणून सांगितलं.

“माया बाप इहिरी खंदायचा, सायेब. लोकाइच्या. कितीक खंदल्या. पानी लागेस्तोर तो आत. पानी लागलं का वरून हाक याची, निंगा रे बाहीर. मंग ते लोकं नारळ फोडत, पूजा करत. अन् माया बाप वर चढला का त्याच इहिरीपासून दूर उभा राहून हात जोडून म्हनायचा, जरासं वाढा जी.” तिने पदराने तोंड पुसलं. “पानी त्यानंच काढलं, अन् पयला घोट कदी त्याचा नोता.”

खाली तुळशीराम ओंजळीने पीत होता. लाल पाणी त्याच्या हनुवटीवरून छातीवर उतरत होतं. बाकीचे तिघे एकमेकांवर उडवत होते. कुणालाही वर यायची घाई नव्हती.

दोराला बांधलेली घागर खाली गेली, भरून वर आली. बायांनी आधी पोरांना पाजलं. मग सगुणाबाईने एक लोटा भरला आणि माझ्यापुढे धरला. पाण्यात बारीक लाल गाळ फिरत होता. मी गाळून घ्या म्हणणार होतो, तोंड उघडलंही. मग लोटा घेतला आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकला.